कोरं

हसमुखभाईंनी दोन्ही हात साबणाने धुतले, पंच्याला पुसले, पंख्याखाली धरून वाळवले आणि मग कुठे काउंटरवरच्या साडीच्या पिशवीला हात घातला. आतलं जुनं इंग्रजी कॉमिक त्यांनी बोटांनी काढलंच नाही. पोस्टाची तिकिटं उचलायचा चपटा चिमटा घेतला, कॉमिकमागचा पुठ्ठा त्यात धरला आणि पुठ्ठ्यासकट ते हळूहळू काचेवर ओढलं. समोर उभ्या असलेल्या योगराजने नीट दिसावं म्हणून पुढे वाकून काचेवर पंजा टेकला, तसे ते खेकसले.

"हाथ दूर, भाई! पसीनो लागी जाय."

योगराजने हात मागे घेऊन शर्टाला पुसला. दिवसभर लूमवर उभं राहणाऱ्या माणसाच्या हाताला तेल असतंच आणि ते शर्टाला पुसून जात नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा तो मुकाट उभा राहिला.

मुखपृष्ठावर निळ्या कपड्यांतला एक धिप्पाड माणूस पुलावरून कलंडणारी आगगाडी खांद्यावर तोलून धरत होता. डब्यांच्या खिडक्यांतून बायका-पोरं ओरडत होती. पन्नासेक वर्षांपूर्वीचं छापील चित्र, पण रंग काल छापखान्यातून आल्यासारखे होते. हसमुखभाईंनी भिंग लावून चारही कोपरे पाहिले, पाठीच्या पिना पाहिल्या, चिमट्याने एक पान उचललं आणि चक्क वास घेतला.

"क्यांथी मळ्युं?"

"भावाचं आहे," योगराज आपल्या मोडक्या गुजरातीत म्हणाला. "रुस्तमपुऱ्यात एका पारशी म्हातारीच्या घरची पस्ती, रद्दी, निघाली होती. त्यातून त्याने उचललं."

"भाई शुं करे छे?"

"वारला. कावीळ झाली होती."

हसमुखभाईंनी मान हलवली, पण नजर काचेवरून हलवली नाही. सुरतेतल्या भागळच्या गल्लीतलं त्यांचं दुकान जुन्या नाण्यांचं आणि तिकिटांचं. गिऱ्हाईक तासाला एक, आणि तेही बहुधा भाव विचारून जाणारं. योगराज इथे आला तो मुलीच्या नादाने. धनश्रीने गुजराती पेपरच्या रविवारच्या पानात वाचलं होतं, की अमेरिकेत जुन्या कॉमिकचा लिलाव होतो आणि एकेकाला लाखांनी पैसे मिळतात. "पप्पा, काकाच्या पेटीत असं एक आहे," ती म्हणाली होती. योगराजने तिला वेड्यात काढलं आणि दुसऱ्याच दिवशी पत्ता विचारत विचारत हे दुकान गाठलं.

"आणि ही पिशवी? हा पुठ्ठा? ये किसने सिखाया?"

"कुणी नाही. तो रिंग रोडच्या मार्केटमध्ये साड्यांच्या घड्या घालायचा. साडीला करायचा, तेच याला केलं."

हसमुखभाई पहिल्यांदा हसले. अमेरिकेत लोक असल्याच पिशव्या, असेच पुठ्ठे खास विकत घेतात म्हणे, नि इथे एका घडीवाल्या पोराने ते फुकटात करून ठेवलं होतं. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"एकदम कोरुं छे," ते म्हणाले. "बिल्कुल कोरुं."

योगराजला गंमत वाटली. बावीस वर्षं तो कोरंच कापड विणत आला होता. रंग नाही, छपाई नाही, चमक नाही. त्याच्या हातून निघालेला कापडाचा ताका पांडेसराच्या मिलमध्ये जायचा, तिथे त्याला रंग चढायचा, मग तो दुकानात जाऊन साडी व्हायचा. कोऱ्या मालाकडे कुणी वळून बघत नाही. आणि इथे हा शहाणा माणूस डोळे विस्फारून कोरं कोरं करत होता.

भाव ऐकला तेव्हा मात्र त्याची गंमत उतरली. हसमुखभाईंचा भाचा अमेरिकेत मोटेल चालवत होता. तो तिथल्या लिलावात लावून देईल, सगळ्यांचं सगळं वजा करून आजच्या घडीला योगराजच्या हातात पन्नास हजार पडतील, असं ते शांतपणे म्हणाले. सध्या भाव चढताच आहे, घाई नाही, हेही म्हणाले. माणूस लबाड नव्हता. लबाड असता तर पाचशे रुपये टेकवून मोकळा झाला असता, आणि योगराजने ते आनंदाने घेतलेही असते.

"पण एक वात," त्यांनी चिमट्यानेच कॉमिक परत पिशवीत सरकवलं. "कोरुं ने कोरुं ज रहेवुं जोइए. एक डाघ, एक बोट, तो कचरो. घरी जाऊन उघडायचं पण नाही."

योगराजने मान डोलावली. बमरोलीच्या घरापर्यंत शटल रिक्षात त्याने ती पिशवी दोन्ही तळव्यांवर आडवी धरली होती. शेजारचा माणूस त्याला विचारत होता, आत देवाचा फोटो आहे का.

ती पेटी मुळात त्याची उघडायची नव्हती. धुरपदाबाई, त्याची आई, श्रावणातल्या कानबाईच्या सणासाठी खानदेशात गावी गेली होती आणि जाताना किल्ली सुनेकडे ठेवून गेली होती. ती यायच्या आत योगराजने कॉमिक होतं तसं पेटीत ठेवलं, वर त्या भावाचे, ललितचे, दोन शर्ट होते तसे घातले आणि कुलूप लावलं. पेटी आईच्या खाटेखाली होती. पत्र्याची, निळी, एका बाजूला चेपलेली. चेप बसला तो प्लेगच्या साली. सगळं सुरत जीव घेऊन पळत सुटलं, उधना स्टेशनात उभं राहायला जागा नव्हती, आणि बाई हटून बसली की भांडीकुंडी राहू द्या, पण ललूची पेटी बरोबर येईल. चार वर्षांआधी मेलेल्या भावाच्या रद्दीची पेटी योगराजने डोक्यावर घेऊन त्या गर्दीत घुसवली होती. पोरगी बायकोच्या कडेवर, आई पदराला धरलेली आणि डोक्यावर कॉमिक. तेव्हा त्याने दात-ओठ खाऊन ललितला जेवढ्या शिव्या दिल्या, तेवढ्या तो जिवंत असतानाही दिल्या नसतील.

जिवंत असतानाही कमी दिल्या नव्हत्या म्हणा. ललितचा पगार यायचा आणि पस्तीवाल्याकडे जायचा. योगराज राबायचा, खोलीचं भाडं भरायचा, गावाला पैसे धाडायचा. ललित रविवारी खाटेवर पालथा पडून चित्रं बघायचा. इंग्रजीचं एक अक्षर त्याला वाचता येत नव्हतं. एकदा योगराजने त्याच्या मुस्काटात मारली होती. त्या दिवशी आई दोन वेळा जेवली नाही, आणि ती जेवावी म्हणून समजूत घातली ती ललितनेच. योगराजला कुणी समजावलं नाही. आपल्याला कधी कुणी समजावत नाही, हे त्याने लहानपणीच धरून ठेवलं होतं.

आई गावाहून आल्यावर त्याने विषय काढला. तो जमिनीवर बसला होता, ती खाटेवर. त्या एका खोलीत बसायच्या जागा ठरलेल्या होत्या, आणि खाट नेमकी त्याच्या डाव्या हाताला यायची. डावा कान तर केव्हाच गेला होता. लूमच्या खडखडाटाने गेला. उजव्याचंही आता खरं नाही, काम सोडलं नाही तर दोनेक वर्षांत तोही जाईल, असं डॉक्टरने बजावलं होतं. म्हणून आईशी बोलायचं असलं की योगराज मान वळवून उजवा कान तिच्याकडे करायचा.

"मन्हा ललूनं शे ते," धुरपदाबाई म्हणाली. "त्याले कोनी हात लावानं नही."

"माय, पन्नास हजार देस तो मानूस."

"लाख देऊ दे. मन्हा पोऱ्यानी वस्तू मी इकू?"

तिने सहज तोंडात आला म्हणून लाखाचा आकडा टाकला, आणि तो आकडाच जणू कुणीतरी ऐकून ठेवला. दिवाळीत योगराज भागळला गेला तेव्हा हसमुखभाईंनी भाच्याने पाठवलेला कागद दाखवला. त्याच कॉमिकची एक प्रत लिलावात गेली होती, कोपरे झिजलेली, तरीही भाव वर गेला होता. होळीला अजून वर. पुढचा श्रावण येईपर्यंत हसमुखभाई पन्नासाचे लाखावर आले. दर वेळी ते विचारायचे, "माताजी मान्यां?" आणि दर वेळी योगराज मान खाली घालायचा. मेलेला भाऊ पेटीत पडल्या पडल्या कमवत होता. जिता भाऊ लूमवर उभा राहून कान घालवत होता. ह्याचं हसावं की रडावं, योगराजला कळत नव्हतं. राग मात्र यायचा, भरपूर यायचा, आणि तो कुणावर काढावा हेही कळत नव्हतं.

एव्हाना बमरोलीच्या नाक्यावरचा गाळा त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. किराणा सामानाचा गाळा, मालक म्हातारा, मुलगा इच्छापोरला कंपनीत लागलेला, दुकानात बसायला कुणी नाही. म्हातारा तो लाखात द्यायला तयार होता. योगराज येता-जाता त्या गाळ्यासमोर उगाच थांबायचा. गिऱ्हाईक समोर उभं राहून हळू आवाजात पावशेर साखर मागतंय आणि आपल्याला ते ऐकू येतंय, एवढंच त्याला दिसायचं. माणसं फार मोठं काही मागत नाहीत, पण मागतात ते मिळेलच असंही नाही.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आधीच्या आठवड्यात हसमुखभाईंचा भाचा सुरतेला आला. जाताना कॉमिक घेऊन जाईल, नाहीतर मग पुढच्या वर्षी, असा निरोप आला. योगराजने आईला काही सांगितलं नाही. सांगून सांगून जीभ झिजली होती.

त्याच रविवारी तो आईला घेऊन दवाखान्यात निघाला होता. रस्त्याच्या कडेने चालताना आई डाव्या बाजूला, दोन पावलं मागे. मागून ताक्यांनी भरलेला टेम्पो आला, हॉर्न वाजवत आला. धुरपदाबाई ओरडली. "योगराज! योगराज!" असं ती जीव खाऊन ओरडली आणि तो चालतच राहिला. शेवटी तिने धावत जाऊन त्याचा शर्ट ओढला. टेम्पोच्या फाळक्याने त्याच्या कोपराची साल निघाली, तेवढ्यावर भागलं. तो वळून तिच्याकडे बघत राहिला. आपल्याला हाका मारल्या होत्या हे त्याला तिच्या तोंडाकडे बघून समजलं.

घरी आल्यावर ती खाटेवर बसली. मग कनवटीची किल्ली काढून तिने खाटेवर ठेवली.

"दी टाक," ती म्हणाली. "गाळा ली ले. मन्हा एक पोऱ्या गया. दुसराना कान तरी ऱ्हाऊ दे."

योगराजने मान वळवली होती, त्यामुळे त्याला नीट ऐकू आलं. त्याला भरून आलं. आई आपल्याबद्दल बोलते आहे, आपल्या कानांबद्दल, हे पचायलाच त्याला थोडा वेळ लागला. पण भरून आलेल्या माणसाने गप्प बसावं, तो बसला नाही. हसमुखभाईंची ताकीद त्याच्या डोक्यात घट्ट बसली होती.

"पन माय, कोरं जोयजे त्यासले. एकदम कोरं जावाले जोयजे."

"कोरं?"

"हां. कोरंच."

तिने त्याच्याकडे बघितलं. तिला ऐकू आलं नसेल असं समजून त्याने पुन्हा एकदा मोठ्याने सांगितलं. बहिऱ्याला सगळं जगच बहिरं वाटतं.

"सकाळी मीच काढी दिसू," ती म्हणाली. "तू हात लावू नको."

हे तर त्याला हवंच होतं. त्याच्या तेलकट हातांपेक्षा तिचे हात बरे.

त्या घरात कोरं काही अंगावर घालत नाहीत आणि कोरं काही घराबाहेर जाऊ देत नाहीत. दिवाळीला नवी साडी आली की चंचल, योगराजची बायको, आधी पदराच्या टोकाला हळद-कुंकवाचं बोट लावते. परगावी निघालेल्या माणसाच्या कपाळाला ते लागतंच. हे काही सांगावं लागत नाही, जसं पाणी गाळून प्यायचं सांगावं लागत नाही. खानदेशातल्या कुठल्याही घरात हेच. योगराजच्या आयुष्यात तेवढं एकदाच ते चुकलं होतं. तो सतरा वर्षांचा असताना बाप गेला, आणि दिवस उरकले न उरकले तोच मामाने त्याला सुरतेला बोलावून घेतलं. निघायच्या सकाळी तो कापडी पिशवी घेऊन दारात बराच वेळ उभा होता. आई भिंतीआड होती. नुकतं कुंकू पुसलेली बाई, तिने निघालेल्या माणसासमोर येऊ नये, आणि करंड्याला तर बोटच लावू नये. शेजारच्या कुणा सवाशिणीला बोलवावं हे कुणाला सुचलं नाही. भिंतीआडून आवाज आला, "जाय आते, गाडी चुकी जाई," आणि तो मोकळ्या कपाळाने स्टेशनकडे चालू लागला. तेव्हापासून धुरपदाबाईने करंड्याला हात लावलेला कुणी पाहिला नव्हता. कानबाईच्या पूजेतही ती मागे उभी राहायची. रीत ती रीत, त्यात तिची काय चूक, असं योगराज स्वतःला बजावत आला होता. बजावून बजावून ते बऱ्यापैकी खरंही वाटू लागलं होतं.

सकाळी तो आंघोळ करून आला तेव्हा आईने पुडकं तयार ठेवलं होतं. साडीच्या पिशवीतलं कॉमिक आणि त्यावर योगराजनेच कधीतरी आणलेल्या कोऱ्या कापडाचा तुकडा, नीट गाठ मारलेला. त्याने ते उघडलं नाही. उघडायचं नाही हे त्याला पढवलेलंच होतं, आणि आपण शब्द पाळतो याचा त्याला अभिमानही वाटला. तो निघताना आई दारापर्यंत आली. हात पदरात गुंडाळलेले. तिचे डोळे पुडक्यावर होते.

भागळला भाचा येऊन बसलेलाच होता. गोरा, गुबगुबीत, हातात मोठं घड्याळ. चहा आला. हसमुखभाईंनी हात धुतले, पुसले, वाळवले. गाठ सोडली, पिशवी उलगडली आणि चिमट्याने पुठ्ठा धरून कॉमिक काचेवर ओढलं.

भाच्याने तोंडाकडे नेलेला कप तसाच खाली ठेवला.

मुखपृष्ठाच्या वरच्या कोपऱ्यात, आगगाडीच्या धुराच्या जरा वर, हळदीचं एक बोट आणि त्याला लागून कुंकवाचं एक बोट होतं. पाण्यात कालवून लावलेलं. कागदाने ते पिऊन घेतलं होतं आणि कोपरा थोडा फुगला होता. एक अक्षत त्या ओल्यात चिकटून वाळली होती. हसमुखभाईंनी चिमट्याने पान उचललं. मागच्या पानावरही तांबडं उतरलं होतं.

"अरे, आ शुं?" भाचा म्हणाला. मग इंग्रजीत काहीतरी म्हणाला.

हसमुखभाईंनी खण उघडला. त्यांनी कापसाचा बोळा घेतला, कोरडाच अलगद टेकवला. डाग निघाला नाही, धुरात पसरला. त्यांनी बोळा टाकून दिला.

"कोणे कर्युं?"

"घरमां," योगराज म्हणाला. "घरमां थई गयुं."

भाचा हसला आणि म्हणाला, की तिकडच्या लोकांना हे सांगितलं तर खरं वाटणार नाही. हसमुखभाई हसले नाहीत. त्यांच्या गल्ल्याच्या फळीवर दिवाळीच्या पूजनातला कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, अजून होता, वहीच्या पहिल्या पानावरही होता. योगराजची नजर तिथे गेली, आणि त्याची नजर कुठे गेली ते हसमुखभाईंनी पाहिलं. त्यांनी कॉमिक पुठ्ठ्यासकट पिशवीत सरकवलं, या वेळी चिमटा न घेता, हातानेच.

"खराब नथी कर्युं, भाई," ते म्हणाले. "भाव से किया. पण वो लोग भाव नहीं समझते."

"काहीच येणार नाही?"

"पढने के लिए कोई ले तो पचास रुपया. रहने दो. घर में रखो."

परतीच्या वाटेवर योगराजने कापडासकट पिशवी काखेत मारली होती. आता घाम लागला तरी काय होतं. नाक्यावर उतरल्यावर तो गाळ्याच्या बाजूने गेलाच नाही, लांबच्या रस्त्याने गेला. हे कुणाचं काम असणार ते उघडच होतं. घरात करंड्याला हात लावणारी बाई एकच. पोरीच्या जन्मापासून कशाकशाला म्हणून बोटं लावत आली होती, आता हेही. चालता चालता तो चंचलला काय काय बोलायचं ते जुळवत होता, आणि जुळवता जुळवता त्याचा हात शिवशिवत होता.

चंचल दाराशी तांदूळ निवडत होती. धुरपदाबाई खाटेवर बसून होती, सकाळी होती तशीच.

"दिधं का?" तिने विचारलं.

त्याने कॉमिक पिशवीतून ओढून काढून चंचलच्या सुपापुढे आपटलं. तांदूळ उडाले.

"हाई कोनी कयं?"

चंचलने डागाकडे बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे. त्यात काय बिघडलं ते तिला कळेना. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. नजर लागेल म्हणून योगराजने भाव, लिलाव, अमेरिका सगळं आईशीच बोलून ठेवलं होतं, आणि कॉमिक कसं जायला हवं, याबद्दल आईलाही सांगितला होता तो 'कोरं' एवढा एकच शब्द.

"इचारस ते सांग. तू लावं ना?"

"मी लावस म्हने," चंचल त्याच्या उजव्या बाजूला सरकत म्हणाली, "ते मायनी करंडा मन्हा हातमाईन लिधा."

"मायनी?"

"सोता लावं त्यासनी. मी देखतच ऱ्हायनू."

तो हळूहळू वळला. धुरपदाबाईचे हात मांडीवर होते, आता पदराबाहेर. उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाच्या नखाशी तांबडं होतं आणि पेराच्या रेघेत पिवळं. ते लपवायचं तिला सुचलं नव्हतं किंवा लपवावंसं वाटलं नव्हतं. बाप गेल्यापासून त्या बोटाला योगराजने शेण पाहिलं होतं, पीठ पाहिलं होतं, लूमच्या बॉबिनी भरून पडलेले कापे पाहिले होते. हा रंग पाहिला नव्हता.

तो खाली बसला. नेहमीच्या जागी.

"माय, हाई काय कयं तू?" या वेळी त्याने मान वळवून कान तिच्याकडे केला.

"तूच सांगं ना, कोरं जाई म्हनीसन." तिचा आवाज अगदी साधा होता. "कोरं कसं जाऊ देवानं घरमाईन? तितला दूर चालनं ते, समिंदरपार."

"तू काबर लावं? तू ते हात बी लावस नही."

धुरपदाबाईने बोटाकडे बघितलं आणि अंगठ्याने ते हलकेच चोळलं.

"मन्हा पोऱ्यानं जाई ऱ्हायनं व्हतं," ती म्हणाली. "मी नही लावसू ते कोन लायी?"

चंचल सुपातून उडालेले तांदूळ एकेक करून वेचत होती. कॉमिक तिच्या गुडघ्याशी उघडंच पडलं होतं. योगराजने ते उचललं, पिशवीत घातलं. पुठ्ठा आत जाताना अडला, तो त्याने सरळ करून घातला. मग कोऱ्या कापडात ठेवून तो गाठ मारू लागला. लाख गेले, गाळा गेला, कान जायचे ते जाणार, हे सगळं त्याला समजत होतं, आणि तरी छातीत दुखत होतं ते त्यामुळे नव्हतं. ते फार जुनं, एकट्याने स्टेशनकडे निघालेल्या त्या सकाळचं होतं. ते बोलायचं नाही असं त्याने कधीच ठरवून टाकलं होतं.

"मी गयथू ना, माय," तो म्हणाला. "मी कोरा गयथू."

म्हणताना त्याने मान सरळ केली होती. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. खाट आता त्याच्या डाव्या हाताला होती.

डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला दिसलं, की आई पुढे वाकली आहे. तिचे ओठ हलत होते. ती काहीतरी सांगत होती, बराच वेळ सांगत होती. चंचलचे हात थांबले आणि ती सासूकडे बघत राहिली. ऐकायला योगराजला फक्त मान वळवायची होती. त्याने गाठ मारली, ती सैल वाटली म्हणून सोडली, आणि परत मारायला घेतली.